गाडी किती देते, खरं सांगा!

"किती देते रे तुझी गाडी?" आसरा चौकातल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर हा प्रश्न टाकून बघा. "देती की पन्नास-पंचावन्न," असं उत्तर लगेच येईल. मग विचारा, "मोजलंस कधी?" इथं बहुतेक जण चहाकडे बघायला लागतात.

मोजणार कसं? आपण पेट्रोल लिटरमध्ये घेतच नाही. "शंभरचं टाका" हे आपलं माप. खिशात दोनशे असतील तर दोनशेचं. काटा लाल रेषेत गेला की परत शंभर. त्यामुळे गाडी किती खाते ते महिना संपला तरी कळत नाही. पॉकेटमनी कुठं गेला, एवढाच प्रश्न उरतो.

म्हणून एकदाच नीट मोजा. महिन्याच्या सुरुवातीला पैसे हातात असतात तेव्हा टाकी फुल करा. नोझल आपोआप बंद झाली की थांबायचं, वर थेंब-थेंब भरायचं नाही. मीटरचा फोटो काढून ठेवा. मग दोनशे-अडीचशे किलोमीटर गाडी नेहमीसारखी चालवा, मुद्दाम जपून नको. परत त्याच पंपावर फुल करा आणि झालेल्या किलोमीटरला आता बसलेल्या लिटरने भागा. येईल तो तुमचा खरा आकडा. कंपनीचा आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर, ठरवून दिलेल्या वेगाने गाडी पळवून काढलेला असतो. तिथं आसरा पुलावरची गर्दी नसते आणि मागच्या सीटवर दोस्तही नसतो.

आता हिशेब. जुळे सोलापुरातून केगावला विद्यापीठात जाता, जाऊन-येऊन पंचवीस किलोमीटर धरू. महिन्याचे २४ दिवस म्हणजे ६०० किलोमीटर. गाडी ४० देत असेल तर १५ लिटर लागतात, ५० देत असेल तर १२. लिटरला १०५ रुपये धरले तरी फरक ३१५ रुपयांचा. वर्षाचे दहा महिने कॉलेज धरलं तर तीन हजारांच्या वर. नवीन गाडी न घेता, आहे त्याच गाडीतून हे पैसे निघू शकतात.

सुरुवात हवेपासून करा. आपल्याकडे एक समज पक्का आहे, की उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची, नाहीतर टायर फुटतो. पारा ४३ वर गेला की हा सल्ला फुकट मिळतो. प्रत्यक्षात उलटं होतं. हवा कमी असली की टायर रस्त्यावर जास्त दबतो, दर फेऱ्याला जास्त वाकतो, आणि त्या वाकण्यानेच जास्त तापतो. इंजिनाला ओढायला जोरही जास्त लागतो. उन्हाने हवेचा दाब थोडा वाढतो हे खरं, पण ते गृहीत धरूनच कंपनीने आकडा दिलेला असतो. तो आकडा चेनकव्हरवर, सीटखाली किंवा गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात सापडेल. डबलसीटसाठी मागच्या चाकाचा आकडा बऱ्याचदा वेगळा असतो. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासायची. पंपावर ती फुकट असते, तरी आपण रांग बघून पुढे जातो!

दुसरी तपासणी घराच्या अंगणात होते. गाडी डबल स्टँडवर घ्या, न्यूट्रल करा आणि मागचं चाक हाताने फिरवा. दोन-तीन फेरे सहज मारले तर ठीक. लगेच अडकून थांबलं तर ब्रेक घासतोय किंवा चेन सुकली आहे, म्हणजे तुम्ही रोज ब्रेक दाबूनच कॉलेजला जाताय. चेन साफ करून ऑइल सोडणं आणि ब्रेक थोडा सैल करून घेणं हे काही मिनिटांचं काम आहे. स्कूटरला चेन नसते, तिचा बेल्ट सर्व्हिसिंगला बघून घ्या. एअर फिल्टरचंही तसंच. आपल्या धुळीत तो लवकर चोंदतो. कागदी फिल्टर धुवायचा नसतो, बदलायचा असतो.

मग उरतो तुमचा उजवा हात. विजापूर रोडला जरा रस्ता मोकळा मिळाला की तो पिळला जातोच. पण वेग ४० वरून ६० केला की हवेचा विरोध दीडपट होत नाही, सव्वादोन पट होतो. चाळीस-पन्नासच्या मध्ये, वरच्या गिअरमध्ये, एकसारखी चालणारी गाडी सगळ्यात कमी पिते. सिग्नल अर्ध्या मिनिटापेक्षा लांब असेल तर इंजिन बंद करा. उभ्या गाडीचं मायलेज शून्य असतं. आणि क्लच अर्धा दाबून, पाय ब्रेकवर ठेवून चालवायची सवय असेल तर मागून येणाऱ्या मित्राला विचारा, "माझा ब्रेक लाइट कायम पेटलेला असतो का?"

"पण हे सगळं त्या इथेनॉलमुळे झालंय," असं हल्ली कट्ट्यावर ऐकू येतं. थोडं खरं आहे. २०२५ पासून पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये साधारण २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या पद्धतीच्या दुचाकींचं मायलेज यामुळे ३ ते ४ टक्के घटेल, असा अंदाज दिला होता. म्हणजे ५० देणारी गाडी ४८ वर येईल. तुमची ३८ वर आली असेल तर उरलेले दहा इथेनॉलने खाल्लेले नाहीत, ते वर सांगितलेल्या गोष्टींत शोधा. २०२३ च्या आधीची गाडी असेल तर पेट्रोलचे रबरी पाइप एकदा मेकॅनिकला दाखवून घ्या, एवढं मात्र करा. आणि शिव्या घालताना जरा जपून. आपला जिल्हा उसाचा आणि साखर कारखान्यांचा आहे. तुमच्यापैकी मोहोळ, माढा, पंढरपूरहून आलेल्या कित्येकांची फी त्याच उसातून भरली जाते.

पेट्रोल सकाळी भरलं की जास्त मिळतं, हा समज सोडून द्या. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. शंभरऐवजी ११० चं टाकल्यानेही काही होत नाही. मापाचा संशय असेल तर पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप असतं, त्यात मोजून दाखवा म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे. मॅग्नेट, जादूच्या बाटल्या यांना पैसे घालवू नका. मोठा आवाज करणाऱ्या सायलेन्सरने मायलेज वाढत नाही, पोलिसांची पावती तेवढी येते. जाड टायरही दिसायला भारी, पण ओढायला जड.

एक गंमत राहिलीच. घरात दोन गाड्या असतील तर आधी कुठली सुधारायची? आपण लाडक्या बाइककडे वळतो. पण तीच ५० ची ५५ केली तर ६०० किलोमीटरला जेमतेम एक लिटर वाचतं. कोपऱ्यात उभी असलेली, आईने भाजीला आणि बाबांनी ड्युटीला नेलेली जुनी स्कूटर ३० ची ३५ केली तर तेवढ्याच अंतरात जवळजवळ तीन लिटर वाचतात. वाढ दोन्हीकडे पाचचीच, पण जी गाडी जास्त पिते तिच्यात वाचवायलाही जास्त असतं. तेव्हा या रविवारी हवा भरायला निघालात की आधी त्या स्कूटरची किल्ली उचला.