उमरी: ठरावांचं गाव, बँकेचं गाव

नांदेडहून निजामाबादकडे निघालेली गाडी मुदखेड सोडून धर्माबादकडे वळली की मध्ये उमरी लागतं. तालुक्याचं, बाजारपेठेचं गाव. बासरच्या सरस्वतीला जाणारे भाविक याच मार्गाने जातात, पण त्यांच्यातला उमरीला उतरणारा विरळाच. खरं तर मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामाने कूस कशी बदलली हे एकाच गावात पाहायचं तर इथेच उतरावं. 1941 साली हैदराबाद संस्थानातल्या मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचं तिसरं अधिवेशन उमरीत भरलं. भाषणं झाली, ठराव झाले, सरकारला विनंत्या झाल्या. सात वर्षांनी, 30 जानेवारी 1948 रोजी, त्याच चळवळीतल्या माणसांनी याच गावातली हैदराबाद स्टेट बँकेची शाखा हत्यारांच्या बळावर लुटली.

या भागावर इंग्रजांचं थेट राज्य नव्हतं. इंग्रजांच्या सार्वभौमत्वाखाली निजाम, निजामाखाली जहागीरदार आणि सर्वांत खाली रयत. घरी मराठी बोलणाऱ्या पोराला वरच्या वर्गात उर्दूतून शिकावं लागे, कचेरीतला कागदही उर्दूतच. त्यात भर ‘गश्ती निशान 53’ या सरकारी फर्मानाची. सभा भरवायची तर आधी सरकारची परवानगी हवी. खाजगी शाळेला आणि आखाड्यालाही मंजुरी लागे. मग माणसं वाचनालयाच्या, गणेशोत्सवाच्या, शाळेच्या आडून एकत्र येत. स्वामी रामानंद तीर्थांनी हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि पुढे अंबाजोगाईचं योगेश्वरी विद्यालय चालवलं, तिथूनच कार्यकर्त्यांची पिढी उभी राहिली.

सुरुवातीची मागणी आज वाचली तर फारच सौम्य वाटते. 1937 ला परतूरला आणि 1938 ला लातूरला परिषद भरली, तेव्हा निजामाला हटवा असं कोणी म्हणत नव्हतं. त्याच्याच छत्राखाली जबाबदार राज्यपद्धती द्या, एवढंच म्हणणं होतं. सरकारने 1938 मध्ये काय केलं, तर हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी घातली! ज्यांना अर्ज करू दिला नाही, त्यांनी सत्याग्रह केला. ही बंदी उठायला 1946 उजाडलं.

तोवर महायुद्धाच्या काळातली सक्तीची धान्य लेव्ही शेतकऱ्याच्या खळ्यापर्यंत पोचली होती. भाषेचं आणि सभाबंदीचं दुःख शिकलेल्यांचं. धान्याचं पोतं उचललं गेलं तेव्हा मात्र ते घरोघरचं झालं. माझ्या मते चळवळ खेड्यात रुजली ती इथे, अधिवेशनांत नव्हे. ऑक्टोबर 1946 मध्ये बिलोलीजवळ अर्जापूरला चळवळीतले कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांचा खून झाला. अर्जापूरचं महाविद्यालय आज त्यांच्या नावाने ओळखलं जातं.

1947 च्या 15 ऑगस्टला देश स्वतंत्र झाला, मराठवाडा नाही. हैदराबादेत तिरंगा फडकवणाऱ्या स्वामीजींना त्याच दिवशी अटक झाली. निजामाच्या पाठीशी उभ्या सशस्त्र रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी, लातूरचा वकील, आता हैदराबादेतून गर्जत होता. कार्यकर्ते सरहद्दीपलीकडे गेले आणि तिथे कॅम्प उभे राहिले. नांदेड भागासाठी पैनगंगेपलीकडे उमरखेडचा कॅम्प होता. करोडगिरी नाके जाळणं, शिंदीची झाडं तोडणं, रझाकारांच्या ठाण्यांवर छापे, हे सगळं तिथून चाले. पण माणसं पोसायला आणि हत्यारं घ्यायला पैसा कुठून आणायचा? म्हणून उमरी. ज्या वर्षी गावात ठराव झाले त्याच 1941 मध्ये कायद्याने जन्मलेली ही सरकारी बँक. वीस लाखांहून अधिक रक्कम हाती लागली. ती लढ्याच्या कामी आली आणि तिचा हिशेबही ठेवला गेला. गांधीजींची टोपी घालून वाढलेल्या चळवळीने हे धाडस केलं, आणि त्याच दिवशी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. अनंत भालेरावांचं ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हे पुस्तक सोबत घेऊन गेलात तर हा सगळा मुलूख नव्याने दिसेल. ते स्वतः उमरखेड कॅम्पचे.

13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि 17 ला निजाम शरण आला. त्यानंतरचं एक पान आपल्याकडे घाईने उलटलं जातं. या कारवाईनंतरच्या हिंसाचाराची पाहणी करणाऱ्या सुंदरलाल समितीने सर्वाधिक होरपळलेले म्हणून जे चार जिल्हे नोंदवले, त्यांत उस्मानाबाद आणि नांदेड आहेत. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होतं. मारले गेलेले बहुतेक मुसलमान होते आणि त्यांतल्या पुष्कळांचा रझाकारीशी संबंध नव्हता. रझाकारांविरुद्ध लिहिणारा ‘इमरोज’ या वृत्तपत्राचा संपादक शोएबुल्ला खानही मुसलमानच होता. रझाकारांनी त्याआधीच्या ऑगस्टमध्ये त्याला ठार केलं.

उमरीला सगळ्या एक्स्प्रेस थांबत नाहीत, तेव्हा वेळापत्रक पाहून निघावं. अर्जापूर बिलोली रस्त्याने करावं. दुसरा दिवस हाताशी असेल तर उदगीरकडे वळून देवर्जनजवळचं हत्तीबेट चढावं. किसान दलाची माणसं रझाकारांशी लढली ती या टापूत.