गाडीच्या मागच्या ए.सी.ची कूलिंग कॉइल : आधी गळती शोधा, मग गॅस भरा



मे महिन्यात पांढुर्णा-सौंसरकडून दवाखान्यासाठी, लग्नासाठी किंवा परीक्षेसाठी नागपूरला जाताना घरची सात-आठ माणसे एकाच मोठ्या गाडीत बसतात. ए.सी. बिघडला की सर्वांत जास्त त्रास मागच्या सीटवरील लेकरांना व म्हाताऱ्या माणसांना होतो. मग गॅस भरला जातो आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. असे का होते, हे आपण समजून घेऊ.

माठ पाझरतो. बाहेर आलेल्या पाण्याची वाफ होताना ती आतल्या पाण्यातील उष्णता घेऊन जाते. ए.सी.चे तत्त्वही हेच. बहुतेक गाड्यांत आर-१३४ए हा वायू असतो. साध्या दाबाखाली तो उणे २६ अंश सेल्सिअसलाच उकळतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, समोरच्या कंडेन्सरमध्ये त्याचा द्रव होतो आणि एक्सपान्शन व्हॉल्व्हमधून दाब उतरताच तो कूलिंग कॉइलमध्ये उकळून हवेतील उष्णता शोषतो. पुन्हा कॉम्प्रेसरकडे जातो. म्हणजे गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो हे खरे. पण दरवर्षी संपत असेल, तर कुठेतरी गळती आहेच.

काही गाड्यांत मागे फक्त पुढून आलेल्या हवेच्या नळ्या असतात. इनोव्हासारख्या गाड्यांत मात्र मागे वेगळी कॉइल, वेगळा पंखा व वेगळा व्हॉल्व्ह असतो. गॅस दोन्ही कॉइलांना एकच. म्हणून पुढे उत्तम गारवा आणि मागे गरम हवा असेल, तर आधी मागचा पंखा, धुळीने चोंदलेली कॉइल व व्हॉल्व्ह तपासावा. दोन्हीकडे गारवा घटला, तर गळतीचा संशय घ्यावा.

कॉइल ॲल्युमिनियमची व पातळ असते. तिच्यावर हवेतील ओलावा जमतो, त्यावर धूळ बसते, ती ओली राहते आणि धातूला बारीक छिद्रे पडतात. गॅससोबत तेलही बाहेर येते, म्हणून तेलकट डाग ही गळतीची खूण होय. मागे जाणारे पाइपही पाहावेत. गाडीखालून जात असतील, तर गिट्टी व चिखलाचा मार त्यांनाही बसतो.

कॉइल बदलताना ही कामे क्रमाने व्हावीत :

१. उरलेला गॅस हवेत न सोडता मशीनने काढून घेणे.
२. कॉइलसोबत जोडावरील ओ-रिंग नवीन लावणे, ड्रायरही बदलणे.
३. कंपनीने सांगितलेले तेल ठरलेल्या मापाने घालणे.
४. नायट्रोजनच्या दाबाने जोड तपासणे.
५. किमान अर्धा तास व्हॅक्यूम करून, काटा सरकत नाही ना ते पाहणे. आत ओलावा राहिला, तर व्हॉल्व्हमध्ये बर्फ धरतो व आम्ल तयार होऊन धातू खातो.
६. बॉनेटखालील पट्टीवर लिहिलेल्या ग्रॅमइतकाच गॅस वजन करून भरणे. अंदाजाने जास्त भरल्यास गारवा वाढत नाही, कॉम्प्रेसरवर ताण येतो.

स्वस्तात घरगुती सिलिंडरचा गॅस भरणे हा जिवाशी खेळ आहे. तो पेट घेतो.

यात आणखी एक जबाबदारी आहे. आर-१३४ए ओझोनला छिद्र पाडत नाही, परंतु वातावरण तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट आहे. म्हणूनच १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराला २०१६ मध्ये किगाली दुरुस्ती जोडून असे वायू कमी करण्याचे ठरले. भारताने ती २०२१ मध्ये मंजूर केली. गळक्या कॉइलमध्ये पुन्हा पुन्हा गॅस भरणे म्हणजे पैसे देऊन आपलाच उन्हाळा वाढवणे.

तेव्हा पालकांनी मिस्त्रीला "गॅस किती लागेल?" याआधी "गळती कुठे आहे, दाखवा" असे म्हणावे. विद्यार्थ्यांनी संधी मिळाल्यास हे काम जवळ उभे राहून पाहावे. पुस्तकातील बाष्पीभवनाचा धडा तेथे प्रत्यक्ष दिसेल.