भिंत उघडी ठेवायची, तर...

भिंत रंगवायची राहिली म्हणजे घरमालकाचे पैसे संपले, असा आपल्याकडचा साधा हिशेब होता. पाहुणा आला की ‘रंगाचं दिवाळीनंतर बघू’ असे ओशाळून सांगायची पद्धत होती. आता पुण्या-मुंबईच्या नव्या फ्लॅटांमध्ये सिमेंटचा करडा गिलावा तसाच उघडा ठेवायची आणि त्यासाठी रंगापेक्षा जास्त पैसे मोजायची हौस आली आहे. मला स्वतःला ही हौस आवडते. चांगल्या गवंड्याच्या हाताचे फिरणे भिंतीवर दिसत असते. ते रंगाखाली का दडवायचे? पण जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीत आयुष्याची बरीच वर्षे गेल्यामुळे मला लोक हमखास एकच प्रश्न विचारतात : उघडी भिंत टिकावी म्हणून तिच्यावर लावायचे काय?

यावर माझा उलटा प्रश्न असतो, की भिंत कशाची? कारण गिलावा म्हणजे सगळा एकच, हा समज फार महाग पडतो. जिप्समचा गिलावा दिसायला दुधासारखा, पण मऊ. पाण्यात तो थोडाथोडा विरघळतोही. मोरीच्या, न्हाणीघराच्या बाजूला तो उघडा ठेवूच नये. सिमेंटचा कडक, पण त्याला बारीक छिद्रे पुष्कळ; फोडणीचा एक थेंब उडाला की डाग कायमचा. आणि चुन्याचा गिलावा या दोघांपेक्षा वेगळ्या जातीचा.

चुन्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. चुनखडी भट्टीत साधारण नऊशे अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुनकळी उरते. ती पाण्यात टाकली की रटरटते, विरते. हा विरलेला चुना पूर्वी वाळू किंवा विटांच्या सुरखीबरोबर बैलाच्या घाणीत मळत. भिंतीवर गेल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड सावकाश परत ओढून घेतो आणि पुन्हा चुनखडीच होतो. म्हणजे गवंडी भिंतीला दगडाचे एक पातळ कातडे चढवत असतो. हे कातडे ओल अडवत नाही, ती बाहेर जाऊ देते. ‘भिंत श्वास घेते’ असे वास्तुविशारद म्हणतात तेव्हा मला थोडे हसू येते. भिंतीला फुप्फुसे नसतात. पण जमिनीतून वर चढलेली ओल वाफ होऊन निघून जायला वाट हवी, एवढे त्यातले तथ्य पक्के आहे.

ती वाट बुजवली की काय होते, हे आपल्याकडे घरोघर दिसते. तळमजल्यावरच्या भिंतीला कमरेइतका ऑइलपेंटचा पट्टा मारलेला असतो, धुवायला सोपा म्हणून. दोन-तीन पावसाळ्यांत पट्ट्याच्या बरोबर वरच्या अंगाला लोणा लागतो. ओल थांबलेली नसते, तिने फक्त वरची वाट धरलेली असते. ओलीबरोबर आलेले क्षार सुकताना फुगतात आणि गिलाव्याचे पोपडे पाडतात. लोक मग पट्टा आणखी हातभर वर नेतात!

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या अजिंठ्यात आहे. तिथला गिलावा मातीचा, त्यात भुसा आणि वनस्पतींचे तंतू, वर पातळ पांढरा थर आणि त्यावर चित्रे. ती वाचवावीत म्हणून निजाम सरकारने 1920 च्या सुमारास दोन इटालियन तज्ज्ञ बोलावले. सुटलेला गिलावा त्यांनी नेटाने पुन्हा पक्का केला, हे त्यांचे श्रेय. पण चित्रांवर त्यांनी लाखेचे वार्निश चढवले. सुरुवातीला रंग उजळलेही असतील. कोणतेही वार्निश पहिल्या दिवशी सुंदरच दिसते. पुढे ते पिवळे पडले, त्यावर धूळ आणि काजळी बसली आणि चित्रे अंधारली. पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांची कित्येक वर्षे तो थर उतरवण्यात गेली. हेतू वाईट नव्हता. भिंतीला झाकण घातले की ती सुरक्षित झाली, ही समजूत चुकीची होती.

मग काहीच लावू नये? तसेही नाही. मोरोक्कोत, विशेषतः मराकेशमध्ये, ‘ताडेलाक्त’ नावाचा गिलावा करतात. चुना ओलसर असतानाच गुळगुळीत दगडाने घोटतात आणि त्यावर ऑलिव्हच्या तेलाचा काळा साबण चोळतात. साबण आणि चुना यांचा संयोग होऊन पाण्यात न विरघळणारा चुन्याचा साबण तयार होतो आणि तो छिद्रांमध्येच बसतो. वाफेच्या हमामखान्यात अशा भिंती टिकतात. गंमत पाहा : ताज्या सिमेंटवर घाईने ऑइलपेंट मारला की तेल आणि अल्क यांचा असाच संयोग होऊन रंग चिकट होतो, सुटतो, म्हणून रंगारी महिनाभर थांबायला सांगतात. तिथे जे बिघडणे, तेच मराकेशच्या कारागिराचे कसब. जयपूरकडची ‘आराइश’ही याच कुळातली : चुना, संगमरवराची पूड, अकीकाच्या दगडाने घोटाई आणि शेवटी खोबरेल तेलाचा हात. आपल्या वाड्यांतला घोटीव चुनाही असाच नुसत्या हाताच्या जोरावर चमकत असे. आता ती घोटाई करणारे हात शोधावे लागतात.

फ्लॅटमधल्या सिमेंटच्या कोरड्या भिंतीला मधमाश्यांच्या मेणाचा अगदी पातळ हात चालतो. मात्र त्यावर पुढे रंग धरत नाही, हे आधीच लक्षात घ्यावे. जवसाचे तेल पिवळे पडते. अॅक्रिलिकचे पारदर्शक लेप स्वस्त आणि सोपे, पण भिंतीला ओल्या फरशीची कळा येते. मला ती बघवत नाही. सायलेन-सिलॉक्सेनची द्रव्ये पाणी आत घेऊ देत नाहीत, तरी वाफ बाहेर सोडतात. काहीही लावायचे ते आधी कपाटामागच्या हातभर जागेवर लावून आठवडाभर पाहावे.

गेल्या वर्षी वाईजवळच्या एका घराच्या बाबतीत हा सगळा विषय माझ्यासमोर आला. घर दूरच्या नात्यातल्या काकूंचे. नातवाला तिथे पाहुण्यांसाठी खोल्या काढायच्या होत्या आणि ठेकेदाराने माजघराच्या जुन्या चुन्याच्या भिंतीसाठी पॉलियुरेथेनचा डबा आणूनही ठेवला होता. खोल्या चालल्या तर घर राहणार, नाही तर विकायचे, असे बोलणे झालेले. मी भिंतीवर खाली आणि वर प्लॅस्टिकचे दोन चौकोनी तुकडे चिकटपट्टीने चारी बाजूंनी बंद केले. दुसऱ्या दिवशी खालच्या तुकड्याच्या आतून थेंब धरले होते, वरचा कोरडा.

“म्हणजे खालची भिंत अशीच भुकटी गाळणार?” काकूंनी विचारले.

“हो काकू, गाळणार. ती गाळते म्हणूनच उभी आहे.”

“तू पाहुण्यांना सांगशील का हे?”

नातवाचा चेहरा उतरला होता. शेवटी आधी बाहेरच्या अंगाची सिमेंटची फरशी भिंतीपासून फूटभर काढून तिथे खडी भरली, पन्हाळीचे पाणी दूर नेले. आत वरच्या भागावर नव्या चुन्याचा पातळ थर देऊन एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडून तो घोटून घेतला आणि वर तेलाच्या साध्या साबणाचा हात दिला. खालचे तीन फूट नुसत्या चुन्याचे ठेवले. पावसाळा गेला. वरची भिंत तळहाताला थंड आणि गुळगुळीत लागते. खाली अजून पांढरी पूड पडते, पण पूर्वीच्या निम्मी. काकू ती रोज सकाळी कुंच्याने गोळा करतात आणि पाहुणे असले तर जरा लवकर उठून करतात. ठेकेदाराने त्याचा डबा परत नेला.