इंजिनातली सारंगी, इंजिनातली सनई

मोटारीचे इंजिन बदलणे म्हणजे रंगलेल्या मैफलीत तबलजी बदलण्यासारखे आहे. नवा कितीही तयारीचा असो, गवयाशी त्याचे सूत जमेपर्यंत थोडी ओढाताण व्हायचीच. आपल्या लष्करातील काही वाड्यांतून अँबॅसिडर गाड्या अजून जिवापाड जपल्या आहेत. उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ साली बंद पडला. तेव्हा मूळचे १४८९ सीसीचे इंजिन थकले की कोणी कोणी त्याच गाडीच्या पुढील पिढीचे १८१७ सीसीचे इसुझू इंजिन पैदा करून त्या जागी बसवितात. परिवहन कार्यालयाची परवानगी आणि पुस्तकातील नोंद एवढे झाले की कायद्याचे काम संपते. कानाचे काम तेथून सुरू होते, कारण अशा गाड्या पुष्कळदा किंचाळतात.

किंचाळी कोठून येते हे डोळ्यांना दिसत नाही. परंतु वाद्यांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांनी प्रथम एकच विचारावे: हा आवाज गजाचा की पत्तीचा?

सारंगीवर गज ओढला म्हणजे त्याचे केस तारेला चिकटतात, तिला ओढून नेतात, ती निसटते, पुन्हा चिकटतात. एका सेकंदात हे शेकडो वेळा घडते. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने गेल्याच्या मागील शतकात तारेची ही चाल प्रथम न्याहाळली आणि १९१८ साली कलकत्त्यात आपल्या रामन यांनी तिचे सविस्तर गणित मांडले. मोटारीचा रबरी पट्टा सैल झाला की लोखंडी पुलीवर नेमके हेच करतो. गज जोरात ओढल्याने स्वर चढत नाही, नाद मोठा होतो. तसेच पट्ट्याच्या किंचाळीचा स्वर रेस दिली तरी फारसा हलत नाही. उलट बेअरिंग खराब असेल तर इंजिनाच्या गतीबरोबर त्याचा स्वर मींडेसारखा वर सरकत जातो.

बदललेल्या इंजिनात पट्ट्याचा संशय आधी यावा, कारण अल्टरनेटरची पकड बहुधा लेथवाल्याकडून हाताने करून घेतलेली असते आणि दोन पुल्या एका रेषेत येत नाहीत. चालत्या पट्ट्याच्या आतल्या अंगावर थोडे पाणी शिंपडावे (उपरणे, पदर आणि बोटे पंख्यापासून दूर ठेवून!). किंचाळी वाढली तर पट्टा सैल. क्षणभर थांबून परतली तर पुल्या वाकड्या. क्लचचा पेडल दाबताच आवाज उठत असेल तर दोष तिकडच्या बेअरिंगचा.

आता पत्तीची गोष्ट. ओळखीच्या एका घरी अशाच गाडीचा पट्टा बदलला, अल्टरनेटरचे बेअरिंग बदलले, पाण्याचा पंपही बदलला. तीन बिले झाली, किंचाळी जशीच्या तशी. इंजिन उतरवून भंगारात द्यावे, असा सल्ला मिळाला. घरच्या वृद्ध मालकांना तो मानवेना. त्याच गाडीतून त्यांनी तिन्ही लेकी सासरी पाठविल्या होत्या. मी ऐकावयास गेलो तेव्हा एक गोष्ट खटकली. इंजिन संथ चालताना आवाज कर्कश, आणि रेस देताच तो पार नाहीसा! गज असे करीत नाही. हवेचा दाब उतरला की पेटीची पत्ती मात्र अशीच गप्प होते. तसे बोललो, तेव्हा म्हाताऱ्या मिस्त्रीने काही न बोलता तेल ओतण्याचे झाकण उचलले. इंजिन जरा अडखळले, आणि किंचाळी तोडल्यासारखी थांबली.

इंजिन बसविताना एअर फिल्टर दुसरा घातला होता. त्यामुळे तेलाच्या पोटात ताजी हवा आणणारी नळी निरुपयोगी ठरली आणि तिला बूच मारले गेले. पोटातली वाफ ओढून घेणारी दुसरी नळी मधल्या छोट्या झडपेवाचून सरळ मॅनिफोल्डला जोडली. संथ गतीत मॅनिफोल्डची ओढ सर्वांत जबर असते. पोटातील हवा शोषली गेली की बाहेरची हवा पुढच्या पुलीमागील रबरी सीलच्या ओठातून आत घुसे, आणि तो ओठ सनईच्या पत्तीसारखा थरथरे. रेस दिली की ओढ कमी, सनई बंद. आवाज पुलीपाशी, म्हणून सारे पट्ट्याच्या मागे लागले होते.

बूच काढून नळी नव्या फिल्टरला जोडली, झडप बसविली. खर्च त्या तीन बिलांच्या पासंगालाही पुरला नाही. सील मात्र तोवर झिजले होते. त्यातून अधूनमधून तेलाचा थेंब गळतो. त्याचा आवाज होत नाही, म्हणून मालकांनी गाडीखाली पुठ्ठा घालून ठेवला आहे.