समागमानंतर रडू का येतं?

समागम दोघांच्या मर्जीनं झालेला असतो, सुखही मिळालेलं असतं. तरी थोड्याच वेळात घसा दाटून येतो. कुणाला रडू फुटतं, कुणाची चिडचिड होते, कुणाला आपल्याच माणसाचा हात अंगावर नकोसा वाटतो. बहुतेक जण हे कुणालाच सांगत नाहीत, आणि जोडीदार आपलं काय चुकलं याचा घोर लावून घेतो.

हा अनुभव दुर्मीळ नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१५ साली २३० विद्यार्थिनींची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या ४६ टक्के जणींना आयुष्यात एकदा तरी असं झालं होतं. ही बायकांचीच गोष्ट असावी असा समज होता, तो २०१८ साली मोडला: १,२०८ पुरुषांपैकी ४१ टक्क्यांनी हाच अनुभव सांगितला.

शरीरात काय घडतं ते पाहू. उत्तेजना वाढते तशी हृदयाची गती, श्वास, रक्तदाब सगळं चढतं आणि मेंदूत डोपामिन वाढतं. परमोच्च क्षणी ऑक्सिटोसिन उसळतं. हे जवळीक वाटायला लावणारं संप्रेरक. लगेच मागोमाग प्रोलॅक्टिन वाढतं, इच्छा शमते आणि प्रोलॅक्टिनची पातळी तासभर किंवा त्याहून जास्त वेळ चढलेली राहते. म्हणजे घाट चढून गेल्यावर एकदम लागणारा हा उतार आहे. एवढ्या झपाट्यानं खाली येताना एरवी दाबून ठेवलेल्या भावना वर येऊ शकतात. काही शरीरं मुळातच याला जास्त संवेदनशील असतात. ब्रिटनमधल्या जुळ्या बहिणींच्या अभ्यासात या फरकाचा साधारण पाव हिस्सा आनुवंशिक असल्याचं दिसलं.

काही कारणं मनाशीही जोडलेली असतात. लहानपणी झालेला लैंगिक अत्याचार, नैराश्य, दिवस राहण्याची धास्ती, ‘हे वाईट असतं’ असं वर्षानुवर्षं कानांवर पडलेलं. नुसत्या सुटकेनंही डोळे भरतात. ते दुःख नव्हेच.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते असं, की २०१५च्या त्या पाहणीत नात्यातली जवळीक आणि ही उदासी यांचा संबंध आढळला नाही. प्रेम भरपूर असूनही रडू येऊ शकतं. म्हणून त्या घटकेला ‘काय झालं?’ म्हणून खोदून विचारू नका. जवळ थांबू का, एवढंच विचारा आणि नको म्हटलं तर राग धरू नका. बोलणं दुसऱ्या दिवशी, चहाच्या वेळी करा.

मात्र असं वारंवार होत असेल, वेदना होत असतील किंवा बाळंतपणानंतर सुरू झालं असेल, तर डॉक्टरांना मोकळेपणी सांगा. मर्जीविरुद्ध संबंध होत असतील तर तो त्रास वेगळा. त्याला हा लेख लावू नका, मदत मागा. मनाच्या त्रासासाठी केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते, आणि तिथे मराठीतही बोलता येतं.