काथ्याची गादी आणि कामगाराचा कान

यंत्रमागाच्या खात्यात आम्ही तरुणपणी सात वर्षे काढली. तेथे माणसे ओठ पाहून बोलणे ओळखतात, घरी गेल्यावर बायको विचारते, "ओरडता कशाला?" धोट्याच्या मागाजवळ आवाज १०० डेसिबलच्या आसपास असतो. आठ तासांच्या पाळीला कारखान्यांच्या नियमांनी मर्यादा घातली होती ती ९० ची. फरक थोडा वाटतो, पण हे गणित फसवे आहे. १० डेसिबल वाढले की आवाजातील शक्ती दसपट होते.

या आवाजावर काथ्याचा उपाय सुचवला की मालकही हसतात आणि कामगारही. काथ्या दोऱ्यांना नि पायपुसण्यांना, एवढेच आपल्याला ठाऊक. पण सोडणाचे धागे बेताने दाबून रबराच्या चिकाने सांधले, तर जी गादी होते तिच्यात धाग्याधाग्यांमधून हवेच्या वाटा राहतात. आवाज म्हणजे हवेची थरथर. ती या अरुंद वाटांत शिरते, धाग्यांशी घासते आणि तिची ऊब होते. इतकी अल्प, की हाताला कळू नये. म्हणजे खरे काम पोकळीचे. चीक किंवा राळ फार ओतली, तर फळी मजबूत होते, पण वाटा बुजतात आणि आवाज आल्या पावली परत फिरतो. अमेरिकेत १९२० नंतर उसाच्या चिपाडांच्या फळ्या छताला लावीत. त्यांना भोके पाडलेली असत, ती वरून रंग दिला तरी आवाजाला आत वाट राहावी म्हणून.

काथ्याचा धागा जाडा. बारीक, तीव्र आवाज तो बरा गिळतो. घुमणारा सहसा सोडून देतो. मग गादीची जाडी वाढवावी, नाहीतर ती भिंतीला न चिकटवता मागे दोन-तीन इंच हवा ठेवावी. या हवेला पैसा पडत नाही, तरी नेमकी तीच विसरतात! शिवाय काथ्या पेटतो. सुताचा रोवा उडणाऱ्या खात्यात आग न धरणारी प्रक्रिया केल्यावाचून तो लावू देऊ नये.

मात्र एक गोष्ट आम्ही प्रत्येक वाटाघाटीत सांगतो. भिंतीवरची गादी भिंतीवरून परतणारा आवाज कमी करते; मागातून सरळ कानावर येणारा नव्हे. खोलीतील शोषण दुप्पट केले तरी परतीचा आवाज तीनच डेसिबल उतरतो. दूर बसून कांड्या भरणाऱ्या बाईला आराम पडेल, मागावर वाकलेल्याला फारसा नाही. त्याच्यासाठी कमी आपटणारा माग, कानांत बोळे आणि वर्षाला कानांची तपासणी हीच मागणी हवी. गोंगाटाने येणारे बहिरेपण १९४८ च्या कायद्यात कळवण्याच्या रोगांत होते, २०२० च्या संहितेतही आहे.

एका मालकाने आमच्या आग्रहावरून गाद्या लावल्या. चार महिने बरे गेले. दिवाळीला शेड उजळ दिसावी म्हणून त्याने त्यांवर तेलरंगाचे दोन हात दिले. सुटीनंतर कांडीवाली बाई पहिल्याच दिवशी आमच्याकडे आली. म्हणाली, "भाऊ, आवाज परत आला."