मोरीतला भोवरा कुणाचे ऐकतो?

मोरीत साचलेले पाणी वाहून जाताना भोकापाशी भोवरा होतो. मुले कुठूनतरी ऐकून येतात, 'पृथ्वी फिरते म्हणून आपल्याकडे हा भोवरा नेहमी घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरतो आणि विषुववृत्ताच्या दक्षिणेला काट्यासारखा.' विज्ञानाचे नाव घेतले की आपणही मान डोलावतो. पण ऐकीव आहे किंवा सांगणारा मोठा आहे, एवढ्यावरून काही मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. तीच कसोटी इथेही लावू.

आधी गणित. भोकापासून एक वीत अंतरावर पाण्याचे वर्तुळ कल्पा. अर्ध्या वितीवरच्या वर्तुळाचा परीघ निम्मा. पण तितकेच पाणी तेथून आत जायचे असते. म्हणून ते दुप्पट वेगाने आत सरकते. गोल फिरण्याचा वेगही अंतर निम्मे झाले की दुप्पट होतो. दोन्ही वेग सारख्याच पटीने वाढल्यामुळे पाण्याच्या वाटेचा तिरपेपणा बदलत नाही. एकाच कोनाने आत आत जाणाऱ्या या वळणाला समकोनी सर्पिल म्हणतात.

म्हणजे पाण्याला सुरुवातीला मिळालेली किंचित गतीच भोकाजवळ मोठी होते. पृथ्वी दिवसाला एकच फेरी मारते. बादली ओतताना बसलेला धक्का त्याहून कितीतरी मोठा.

१९६२ साली अमेरिकेतील एमआयटीचे प्राध्यापक ॲशर शपिरो यांनी याची परीक्षा घेतली. सहा फूट रुंदीच्या गोल टाकीत सहा इंच पाणी भरले. भरताना ते मुद्दाम काट्याच्या दिशेने फिरवले, मग २४ तास हलू दिले नाही. तळाचे बारीक भोक उघडल्यावर पहिली बारा-पंधरा मिनिटे काहीच दिसले नाही. नंतर पाणी काट्याच्या उलट फिरू लागले! १९६५ साली सिडनीत अशाच काळजीने केलेल्या प्रयोगात ते काट्याच्या दिशेने फिरले.

तेव्हा पृथ्वीचा परिणाम खराच. शेकडो मैल पसरलेल्या चक्रीवादळाची दिशा तोच ठरवतो. मोरीत मात्र आपल्या हाताचे चालते.

पालकांनी हा प्रयोग मुलांकडून जरूर करून घ्यावा. भोकाला बोळा लावून पाणी साचवा, वर चिमूटभर चहाची पूड टाका. हाताने एकदा डावीकडून ढवळून बोळा काढा, पुन्हा पाणी भरून उजवीकडून. भोवरा दिशा बदलेल.

'पूर्वापार चालत आले आहे' एवढ्याच आधारावर आपल्या पूर्वजांना पाणवठ्यापासून दूर ठेवले गेले. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी पिऊन तो आधार मोडला. पारखून घेण्याची सवय म्हणूनच आपल्या घरात हवी. ती मोरीपासून लागली तरी चालेल.